आठवड्याला एक विषय, आठवड्याला एक छायाचित्र: नागपुरात वर्षभराचा उपक्रम कसा पार पाडावा

दर आठवड्याला एक विषय मिळतो आणि त्या सात दिवसांत, त्याच विषयावर काढलेले एकच छायाचित्र निवडून द्यायचे असते. या उपक्रमाचा नियम एवढाच आहे. विषय कधी 'लाल रंग' असा सरळ असतो, कधी 'प्रतीक्षा' असा डोळ्यांना थेट न दिसणारा असतो, आणि हे 52 आठवडे न चुकता चालू ठेवायचे असते. मी हा उपक्रम दोनदा हाती घेतला. पहिल्या वेळी एकोणिसाव्या आठवड्यात थांबलो आणि दुसऱ्या वेळी तो पूर्ण केला. दोन्ही वेळा कॅमेरा तोच होता. फरक पडला तो एवढ्यामुळे की, दुसऱ्या वेळी छायाचित्र काढण्याचे दिवस आणि जागा मी आधीच ठरवून टाकल्या होत्या, त्यामुळे दर आठवड्याला केवळ विषयाचाच विचार करावा लागत असे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने हीच गोष्ट सर्वांत आधी करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

जागा तीनच निवडाव्यात आणि त्यांपैकी एक तरी घरापासून पायी दहा मिनिटांच्या आत असावी. माझ्या जागा म्हणजे इतवारीतली एक व्यापारी गल्ली, फुटाळा तलावाचा काठ आणि घराची गच्ची. एकाच ठिकाणी वर्षभर जात राहिल्याने तिथला प्रकाश पाठ होतो. कोणत्या भिंतीवर किती वाजता ऊन येते आणि कोणते दुकान कधी उघडते, हे कळू लागते. 'प्रतिबिंब' हा विषय आला तेव्हा फुटाळ्याचे पाणी कोणत्या वेळी स्थिर असते, हे मला शोधावे लागले नाही, कारण वारा उठण्यापूर्वीची पहाटेची वेळ मी त्याआधी अनेकदा पाहिली होती.

विषयांची यादी आधीच हाती असेल, किंवा मित्रमंडळीत मिळून ती स्वतः तयार करायची असेल, तर ती शहराच्या पंचांगाला लावून घ्यावी. नागपूरच्या वर्षात असे काही दिवस आहेत, जे पुन्हा वर्षभर येत नाहीत. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असून तो सर्वसामान्यांना 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट या दिवशी पाहता येतो. 'जुने दगड' किंवा 'उंचावरून' असा विषय त्या आठवड्यात ठेवावा आणि आत कॅमेरा नेता येतो का, हे प्रवेशद्वारावर आधी विचारून घ्यावे. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेचे स्मरण म्हणून दीक्षाभूमीवर जमणारा पांढऱ्या वस्त्रांतला जनसागर 'पांढरा' या विषयासाठी जितका अर्थपूर्ण ठरतो, तितके दुसरे काही मला सुचत नाही. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते, आंबिया बहाराच्या संत्र्यांनी बाजार भरलेला असतो, आणि एप्रिलपासून पुढे तर ऊन हाच विषय होऊन बसतो.

आठवड्याची आखणी अशी ठेवावी. सोमवारी वहीत विषयावर किमान दहा कल्पना लिहाव्यात आणि त्यांतल्या पहिल्या तीन खोडून टाकाव्यात, कारण त्या सगळ्यांनाच सुचतात. 'चाक' म्हटले की सायकलचे चाक, बैलगाडीचे चाक आणि कुंभाराचे चाक आलेच. त्यानंतर मनाला ताण द्यावा लागतो आणि खरे काम तिथे सुरू होते. बुधवारी एक कच्चा प्रयत्न करावा. तो बहुधा फसतो, पण काय चुकले ते शनिवारच्या आत कळते, आणि शनिवारी पहाटे दुसरा प्रयत्न करता येतो. रविवारी रात्री निवड करावी. एकाच दिवशी, तेही रविवारी संध्याकाळी, सगळे उरकण्याची सवय लागली की दोन महिन्यांत उत्साह संपतो; माझा पहिला उपक्रम नेमका असाच बारगळला.

एका आठवड्याचे उदाहरण थोडे सविस्तर सांगतो. विषय 'पोत' होता आणि एप्रिलचा मध्य होता. माझ्या यादीत झाडाची साल, म्हातारीचे हात आणि भेगाळलेली जमीन या तीन कल्पना सुरुवातीलाच होत्या, म्हणून त्या खोडल्या. नवव्या ओळीवर 'कूलरच्या ताट्या' असे लिहिले होते. उन्हाळा तोंडावर आला की नागपुरात रस्त्याच्या कडेला कूलरच्या ताट्या भरून देणारे कारागीर बसतात. ज्याला आपण सगळे कूलरचे गवत म्हणतो ते खरे तर लाकडाचे बारीक, कुरळे तंतू असतात, आणि ते जाळीत दाबून भरताना त्यांची सोनेरी भुकटी हवेत उडते. बुधवारी दुपारी काढलेल्या छायाचित्रात ताटी पुठ्ठ्यासारखी सपाट दिसली, कारण ऊन थेट डोक्यावरून येत होते आणि तंतूंना सावलीच नव्हती. शनिवारी सकाळी सात वाजता पुन्हा गेलो. रस्ता पूर्व-पश्चिम होता, ताट्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या आणि कोवळे ऊन भिंतीला घासून जात होते, त्यामुळे प्रत्येक तंतूच्या शेजारी त्याची स्वतःची बारीक सावली उभी राहिली होती. कारागिराची परवानगी घेऊन मी त्याचा ताटी दाबणारा तळहात कडेला येऊ दिला. बोटांच्या भेगांत तेच तंतू अडकलेले होते. पोत दाखवायचा असेल तर प्रकाश बाजूने आणि खालच्या कोनातून आला पाहिजे, हा पुस्तकात अनेकदा वाचलेला नियम मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळला.

प्रकाशाच्या वेळांचा अंदाज नागपूरकराने वेगळा ठेवावा लागतो. मे महिन्याच्या अखेरीस सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि सकाळी आठनंतरच ऊन इतके कडक होते की चेहऱ्यांवर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसू लागतात. म्हणून त्या दिवसांत पहाटेच बाहेर पडावे. डिसेंबरात मात्र सूर्य साडेपाचच्या थोडा पुढे मावळतो, त्यामुळे कार्यालयातून सुटेपर्यंत उजेड गेलेला असतो आणि सकाळ किंवा सुट्टीचा दिवसच उरतो. 'सावली' हा विषय हाती असेल तर तो 26 मेच्या आठवड्यात ठेवावा. नागपूर सुमारे 21.15 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने त्या दिवशी दुपारी 12 वाजून 10 मिनिटांच्या सुमारास सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशी नाहीशी होते. हाच योग जुलैच्या मध्यानंतरही येतो, पण तेव्हा आभाळ भरलेले असते. गच्चीवर एक सरळ पेला उभा करून केवळ काही मिनिटांत हे छायाचित्र काढता येते.

उपकरणांविषयी फार लिहिण्याची गरज नाही, मोबाईल पुरतो. मात्र मे महिन्यात तो स्कूटरच्या डिकीत ठेवू नये, कारण तापलेला मोबाईल ऐन वेळी कॅमेरा बंद करतो. पावसाळ्यात एसीच्या खोलीतून थेट बाहेर आल्यास लेन्सवर वाफ धरते, म्हणून कॅमेरा अर्धा तास पिशवीतच राहू द्यावा. दमट हवेने लेन्सला बुरशी लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात लेन्स ठेवावी.

हलत्या विषयांसाठी मात्र थोडा सराव हवा. 'वेग' या विषयावर ई-रिक्षा किंवा सायकल टिपताना शटर 1/30 सेकंदावर ठेवून वाहनाच्या गतीने कॅमेरा वळवत राहिल्यास वाहन बऱ्यापैकी स्पष्ट येते आणि मागची दुकाने रेषांत विरघळतात. वीस प्रयत्नांत एखादाच साधतो, हे धरून चालावे. 'वाफ' या विषयासाठी तर्री-पोह्यांच्या गाडीवर सकाळी लवकर जावे, सूर्य वाफेच्या मागे आणि त्याही मागे एखादे सावलीतले, अंधारे दुकान येईल असे उभे राहावे आणि एक्सपोजर एक पायरी कमी करावे. प्रकाश आपल्या पाठीमागून वाफेवर पडला तर ती दिसतच नाही.

गर्दीच्या दिवसांत सर्वांत अवघड दिवस मारबतीचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत हे दोन मोठे पुतळे जुन्या नागपुरातून मिरवणुकीने निघतात, सोबत बडगे, म्हणजे चालू घडामोडींवर टीका करणारे पुतळे असतात आणि 'ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत' अशी आरोळी घुमत असते. प्रत्येक जण पुतळ्याचेच छायाचित्र काढतो. विषय 'निरोप' असेल तर पुतळ्याकडे पाठ करावी आणि तो पुढे जात असताना सज्ज्यांतून, ओट्यांवरून पाहणाऱ्या माणसांचे चेहरे टिपावेत. त्याच दिवशी लाकडी नंदी सजवून निघालेली लहान मुलेही भेटतात; त्यांचे छायाचित्र घेण्यापूर्वी त्यांच्या आईवडिलांना विचारलेच पाहिजे.

परवानगीचा प्रश्न कोणीही हलका समजू नये. हातगाडीवाला, कारागीर, फुले विकणारी मावशी यांच्याशी आधी दोन शब्द बोलावेत, छायाचित्र कुठे दाखवणार ते सांगावे आणि नको म्हटल्यास कॅमेरा खाली घ्यावा. काढलेली प्रत पुढच्या आठवड्यात छापून नेऊन दिली, तर त्या गल्लीत वर्षभर आपले स्वागत होते. संरक्षण दलाच्या आवारांजवळ कॅमेरा बाहेर काढू नये.

अमूर्त विषय आले की अनेक जण थांबतात. अशा वेळी शब्दाचे क्रियापदात रूपांतर करावे. 'प्रतीक्षा' म्हणजे कोणीतरी वाट पाहत आहे. मग कोण, कुठे, कशाची, असे प्रश्न विचारता येतात, आणि उत्तर म्हणून रुग्णालयाबाहेर डबा घेऊन उभा असलेला माणूस किंवा मेट्रोच्या फलाटावर घड्याळाकडे पाहणारी विद्यार्थिनी डोळ्यांसमोर येते. माणूस न दाखवताही हे साधते: दारातल्या चपलांच्या जोडांत एका जोडाची रिकामी राहिलेली जागा मला त्या आठवड्यात पुरेशी वाटली.

जुन्या संग्रहातले छायाचित्र कधीही देऊ नये. आठवडा चुकला तर चुकला. वहीत त्या क्रमांकापुढे कोरी जागा सोडावी आणि पुढचा विषय घ्यावा. मागचे तीन विषय एकदम भरून काढण्याच्या नादात चौथाही हातातून जातो. प्रत्येक फाइलला आठवड्याचा क्रमांक आणि विषय जोडून नाव द्यावे आणि ती त्याच रात्री दोन वेगळ्या ठिकाणी साठवावी. माझ्या पहिल्या वर्षाची सात आठवड्यांची छायाचित्रे एकाच कार्डावर होती; संगणकावर उतरवली असे समजून मी ते कार्ड पुसले आणि ती कायमची गेली.

52 आठवड्यांचे 364 दिवस होतात, म्हणजे वर्षाचा एक दिवस उरतो. त्या दिवशी पहिल्या आठवड्याच्या जागी, त्याच वेळी जावे, तोच विषय पुन्हा घ्यावा आणि दोन्ही छायाचित्रे चार बाय सहाच्या आकारात छापून वहीच्या समोरासमोरच्या पानांवर चिकटवावीत.