फ्लोट टँकचा हीटर बदलताना

घरच्या फ्लोट टँकचा, म्हणजे दाट मिठाच्या पाण्यावर तरंगत विश्रांती घ्यायच्या टाकीचा, जुना हीटर पंपाच्या लाइनवर होता. पाण्यातल्या एप्सम सॉल्टनं (मॅग्नेशियम सल्फेट) त्याचं स्टीलचं एलिमेंट खाल्लं आणि आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) सारखा ट्रिप होऊ लागला. इतक्या दाट मिठाच्या पाण्यात टायटॅनियम चांगलं टिकतं.

पण नुसतं टायटॅनियम घेऊनही माझी मूळ अडचण सुटत नव्हती. तरंगताना आवाज नको म्हणून पंप बंद, आणि पंप बंद म्हणजे हीटरही बंद. पाणी जेमतेम 25 सेंटीमीटर खोल. ते 35 अंशांच्या आसपास असलं तरच त्वचेला गार-गरम काही जाणवत नाही. थोडं घसरलं की अंग आखडतं, मग कसली विश्रांती!

म्हणून टाकीच्या तळाला बाहेरून चिकटवायचे सिलिकॉनचे हीटिंग पॅड घेतले. मिठाशी संबंध नाही, आवाज नाही. तापायला वेळ लागतो, पण टाकी तशीही कायम उबदार ठेवावी लागते, नाहीतर मिठाचे खडे बनून पाइप तुंबतात.

पॅडखाली इन्सुलेशन घातलं. थर्मोस्टॅट अडकला तर पाणी तापत राहू नये म्हणून वेगळा ओव्हरहीट कटऑफही बसवला. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी कायम ठेवला, वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेतलं.