दोन बेस गिटार ताडून बघताना आधी तारा बघा

फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस बरा की जॅझ बेस, हा बेसवाल्यांचा वाद कधी संपत नाही. पण एकावर कोऱ्या राउंडवाउंड (गोल तारेचे वेढे असलेल्या) तारा आणि दुसऱ्यावर वर्षभर वाजवलेल्या फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीचे वेढे असलेल्या) असतील, तर तुलना तारांचीच होते. दोन्हींवर एकाच जाडीचा, एकाच प्रकारचा सेट चढवा. अँपवरचे बेस-ट्रेबलचे नॉब मधोमध ठेवा आणि दोन्हींचा आवाज कानाला सारखा करून घ्या. जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, ही कानाची जुनी खोड आहे.

जॅझचे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवा. एक जरा कमी केला की त्याचे सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन टिपणारे, एकेका वेटोळ्याचे) गुणगुणू लागतात आणि बिचाऱ्याला उगाच नावं ठेवली जातात. 1957 पासूनच्या प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअप ती गुणगुण मुळातच मारतो.

निकाल मात्र एकट्याने वाजवून देऊ नका. खोलीत भरदार वाटणारा बेस ड्रमच्या किकखाली, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या ठोक्याखाली, गडप होऊ शकतो. बँडसोबत दोन्ही रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर ऐका. मोकळ्या ई तारेचा मूळ स्वर 41 हर्ट्झच्या आसपास असतो, तो मोबाइलच्या स्पीकरमधून येतच नाही.