साध्या कॅमेऱ्यानं वाहतं पाणी कसं टिपावं

ओढ्याकाठी फोटो काढला तेव्हा पाणी मस्त खळाळत होतं. घरी येऊन मोठ्या पडद्यावर बघावं, तर खडकांवर काचेचा चुरा सांडल्यासारखा दिसतोय. धड थेंब नाहीत, धड धार नाही. मग दुसऱ्या कुणाचा तरी तलम, रेशमी पाण्याचा फोटो समोर येतो आणि आपण मनाशी म्हणतो, ‘त्याच्याकडे भारी कॅमेरा असणार.’

असेलही. पण खरा फरक पडतो तो शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा कॅमेऱ्यातला पडदा, किती वेळ उघडं राहिलं यानं. १/५०० सेकंदात पाणी जागच्या जागी गोठतं, थेंबन् थेंब सुटा दिसतो. १/४ सेकंदात त्याच थेंबांच्या रेघा होतात आणि धारा विणल्यासारख्या दिसतात. दोन-चार सेकंद मिळाले तर पाण्याचं धुकं होतं. यातला १/६० ते १/१०० हा मधला पट्टा सगळ्यात वाईट, आणि सावलीत ऑटोवर ठेवलेला कॅमेरा बहुतेक वेळा तिथेच जाऊन बसतो.

साध्या कॅमेऱ्यात शटरचा वेळ ठरवायची सोय नसते. मात्र कॅमेरा तो वेळ समोरचा उजेड बघून ठरवतो. उजेड कमी पडू द्या, बाकीच्या पळवाटा बंद करा, की शटर उघडं ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या म्हणजे या एकाच युक्तीचे प्रकार आहेत.

गंमत म्हणजे जुन्या छायाचित्रकारांची अडचण नेमकी उलटी होती. कार्लटन वॉटकिन्स १८६१ साली अमेरिकेतल्या योसेमिटीच्या दरीत १८ बाय २२ इंची काचा घेऊन गेला. तेव्हाचं काचेवरचं रसायन इतकं मंद होतं, की उघड्या उजेडातही एकेका फोटोला कित्येक सेकंद लागायचे. धबधबे आपोआप रेशमी यायचे, आणि पाणी थांबवून दाखवणं हीच कसोटी होती.

पायरी १ : आधी घरातल्या नळापाशी

धबधब्यावर जाण्याआधी अर्धा तास नळाखाली घालवा. खोलीतला उजेड कमी करा आणि नळ अगदी बारीक सोडा. डोळ्यांना वरपासून खालपर्यंत एक सलग धार दिसेल. आता फ्लॅश चालू करून जवळून फोटो काढा. फ्लॅश जवळून चमकतो तेव्हा १/१००० सेकंदही टिकत नाही, त्यामुळे फोटोत जे दिसतं ते डोळ्यांनी कधी पाहिलेलं नसतं. धारेचा वरचा भाग काचेच्या कांडीसारखा गुळगुळीत असतो. खाली येता येता ती निमुळती होते, तिला गाठी पडतात, आणि मग गाठींचे सुटे मणी होतात. पाण्याचा पृष्ठताण धारेला असा तोडत असतो.

आता फ्लॅश बंद करा, कॅमेरा एखाद्या डब्यावर टेकवा आणि पुन्हा काढा. मणी गायब, राहतो एकच तलम दोरा. नळ तोच, पाणी तेच.

दोन्ही फोटो कॅमेऱ्यातच उघडा आणि ‘डिस्प’ किंवा ‘इन्फो’ लिहिलेलं बटण दाबा. शटरचा वेळ आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे ते) हे दोन आकडे पडद्यावर येतात. दर तीन-चार फोटोंनंतर हे आकडे वाचायची सवय लावून घ्या. शटर आपल्या हातात नसलं तरी त्यानं काय केलं ते आपल्याला वाचता येतं, आणि ठिकाणावर उभं असताना एवढाच काय तो सुगावा असतो.

पायरी २ : कॅमेऱ्याच्या पळवाटा बंद करा

फ्लॅश बंद. आयएसओ ऑटोवरून काढून सगळ्यात खाली, म्हणजे ८० किंवा १०० वर आणून ठेवा. शुद्ध ऑटोमध्ये हा पर्याय दिसत नाही, त्यासाठी ‘प्रोग्रॅम’ किंवा ‘पी’ वर जावं लागतं.

आयएसओचं मी मुद्दाम ठासून सांगतोय. पहिल्यांदा हा खटाटोप केला तेव्हा माझ्याकडे ट्रायपॉड होता, धीर होता, हवा ढगाळ होती. तासभर खपलो. परत येऊन आकडे पाहिले, तर प्रत्येक फोटो १/३० सेकंद आणि आयएसओ ८००. उजेड कमी झाल्याबरोबर कॅमेऱ्यानं गुपचूप आयएसओ आठपट वाढवून घेतला होता. त्याला १०० वर अडवला असता, तर तेच फोटो १/४ सेकंदाचे आले असते.

‘पी’ नसेल तर दृश्यांच्या यादीत ‘फटाके’ शोधा. त्यात आयएसओ खाली राहतो आणि शटर साधारण २ ते ४ सेकंद उघडं राहतं. दिवसा फोटो पांढराफटक येईल, पण सूर्य मावळल्यानंतर हा पर्याय सोन्यासारखा. एवढं लक्षात ठेवा, की यात फोकस अनंतावर अडकलेला असतो. पुढ्यातला दगड अस्पष्ट आला तर चूक तुमची नाही, दोन पावलं मागे सरा. काही जुन्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत ‘लाँग शटर’ असाही पर्याय मेनूत दडलेला असतो. तो असेल तर तुमचं निम्मं काम झालं.

पायरी ३ : उजेड कमी करा

भर उन्हात आयएसओ १०० आणि एफ/८ ला (एफचा आकडा जितका मोठा, तितकं भिंगाचं छिद्र लहान) कॅमेरा १/४०० सेकंदाच्या आसपास जातो. त्याला १/४ वर आणायचं तर उजेड शंभरपट कमी हवा. ऐकायला अशक्य वाटतं, पण हे आकडे एकमेकांना गुणत जातात. दाट ढगांनी उजेड साधारण आठपट कमी होतो, झाडीच्या सावलीनं आणखी चौपट. उरलेलं काम संध्याकाळ तरी करते किंवा भिंगासमोर धरलेला गॉगल तरी.

इथे कॅमेरा आणखी एक डाव खेळतो. उजेड कमी झाला की तो भिंग पूर्ण उघडतो. एफ/२.८ मधून एफ/८ च्या आठपट उजेड आत येतो, आणि कमावलेलं सगळं पाण्यात जातं. यावर उतारा म्हणजे झूम. भिंगाभोवतीच्या कड्यावर १:२.८-५.९ असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा झूम न करतानाचा, दुसरा पूर्ण झूमचा. पूर्ण झूम केल्यावर भिंग जास्तीत जास्त एफ/५.९ पर्यंतच उघडू शकतं, म्हणजे जवळपास चौपट कमी उजेड. शिवाय झूममध्ये पाण्याची हालचालही मोठी दिसते, त्यामुळे तेवढ्याच वेळात रेघा लांब येतात. ऑप्टिकल, म्हणजे भिंगाचा झूम तेवढा वापरा. डिजिटल झूम म्हणजे नुसती काटछाट.

आता गॉगल. चांगल्या गडद गॉगलमधून सहाव्या भागाएवढाच उजेड पलीकडे जातो, म्हणजे १/१५ चे जवळपास अर्धा सेकंद होतात. काच स्वच्छ पुसा आणि भिंगाला जवळजवळ चिकटवून धरा, नाहीतर काचेच्या आतल्या बाजूला स्वतःचाच चेहरा उमटतो. काच पोलराइज्ड असेल तर ती हळूहळू फिरवून पाहा. एका कोनात ओल्या दगडांवरची चकाकी उतरते आणि तळाचे गोटे दिसायला लागतात.

आणि हा क्रम चुकवू नका: आधी गॉगल, मग बटण अर्धवट दाबणं. बहुतेक कॅमेऱ्यांत बटण अर्धं दाबलं की फोकसबरोबर उजेडाचं मोजमापही तिथेच थांबतं. बटण आधी दाबून गॉगल नंतर आणलात, तर शटर गॉगलशिवायच्या उजेडाप्रमाणे चालतं आणि फोटो काळाकुट्ट येतो. फोकस नुसत्या पाण्यावर धरू नका, कॅमेरा चाचपडत राहतो. धारेशेजारचा खडक किंवा शेवाळाची कड त्याला दाखवा.

पायरी ४ : कॅमेरा हलू देऊ नका

पाणी हललेलं हवं, खडक हललेला नको. अर्धा सेकंद हात कुणाचाच स्थिर राहत नाही. ट्रायपॉड असेल तर उत्तमच. नसेल तर सपाट दगडावर घडी केलेला टॉवेल ठेवा आणि कॅमेरा त्यात रुतवून बसवा. बटण दाबण्याचा धक्काही फोटो बिघडवतो, म्हणून सेल्फ टायमर २ सेकंदांवर लावा. ट्रायपॉडचे पाय वाहत्या पाण्यात शक्यतो रोवू नका. वरून काही जाणवत नाही, पण प्रवाहानं पाय सारखे थरथरत असतात. कॅमेरा टेकवलेला असताना स्टेबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, बंद केलेलं बरं.

धबधब्याजवळ तुषार भिंगावर बसतात. दोन फोटोंच्या मधे कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवा आणि कोरडं फडकं खिशात असू द्या. ओल्या खडकावर मागे सरकताना डोळा पडद्यावर ठेवू नका. आणि पाणी अचानक गढूळ झालं किंवा त्यात पाला-काटक्या वाहून यायला लागल्या, तर फोटो सोडून आधी काठावर चढा. वर कुठेतरी पाऊस झालेला असू शकतो.

पायरी ५ : पांढऱ्या फेसाला जपा

काळ्या खडकांमधल्या पांढऱ्या पाण्यानं कॅमेरा हमखास फसतो. सगळं दृश्य सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून तो चालतो, गडद खडक उजळायला जातो आणि फेसाचा नुसता पांढरा ठिपका होतो. त्यातला तपशील नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही. म्हणून उजेडाची भरपाई, म्हणजे अधिक-उणे चिन्हाचं बटण, उणे २/३ किंवा उणे १ वर आणा.

याची थोडी किंमत मोजावी लागते. उणे १ केलं की शटरचा वेळही निम्मा होतो, १/४ चा १/८. तरी मी उणेच पत्करतो. थोडं कमी रेशमी पाणी चालतं, जळालेलं पांढरं चालत नाही.

पायरी ६ : किती वाहू द्यायचं?

याचा ठरलेला आकडा नाही. उंचावरून कोसळणाऱ्या पाण्याला १/१५ सुद्धा पुरतो, संथ ओढ्याला पूर्ण सेकंद कमी पडतो. तुमच्यासमोरून आडवं जाणारं पाणी लवकर रेघा काढतं. अंगावर येणाऱ्या पाण्याला जास्त वेळ लागतो. माझं मत विचाराल, तर पाण्याचा अगदी कापूस झालेला फोटो मला आवडत नाही. पाण्याला वजन असतं, ते दिसायला हवं. १/८ ते १/२ च्या दरम्यान धारा तलम होतात आणि तरी कुठून वळल्या, कुठे आपटल्या ते कळतं.

काही पाणी गोठवलेलंच शोभतं: खडकावर फुटणारी लाट, कारंजाचे थेंब. तेव्हा सगळं उलटं करा. भर ऊन, झूम नाही, ‘स्पोर्ट्स’ पर्याय, आणि सूर्य पाण्याच्या मागे किंवा बाजूला, म्हणजे थेंब चमकतात.

उजेड कमी होतच नसेल तर

दुपार आहे, गॉगल नाही, शटर १/१५ च्या खाली जायला तयार नाही. अशा वेळी कॅमेरा जराही न हलवता एकाच दृश्याचे आठ फोटो काढा. घरी ते गिंपसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक थर करून ठेवा. सगळ्यात खालचा थर १०० टक्के, मग वर जाताना अपारदर्शकता ५०, ३३, २५, २०, १७, १४ आणि १२ टक्के. अशानं आठही फोटोंना सारखा वाटा मिळतो, आणि १/१५ चे आठ तुकडे मिळून अर्ध्या सेकंदाच्या फोटोच्या पुष्कळ जवळ जातात. शिवाय सावलीतले रंगीत दाणेही विरून जातात.

वाऱ्यानं पानं हलत असतील तर ती मात्र धुरकट होतात. तेव्हा वरचे सात थर एकत्र करून पानांवरून खोडरबर फिरवा, म्हणजे तेवढ्या भागात खालच्या एकाच फोटोतली स्वच्छ पानं दिसू लागतात.