राग काढताना या चुका टाळा: उशी बडवणं, अबोला आणि रात्री अकराचा मेसेज

राग येणं ही चूक नाही, हे आधीच सांगते. सोसायटीत तुमच्या पार्किंगमध्ये रोज कुणीतरी गाडी लावत असेल, ऑफिसात तुम्ही केलेलं काम दुसऱ्याच्या नावावर जात असेल, पाहुण्यांसमोर तुमच्या भाजीला नावं ठेवली जात असतील, तर राग येणारच आणि यायलाही हवा. चुका होतात त्या पुढच्या अर्ध्या तासात. आणि त्यातल्या बऱ्याच चुका आपण चांगला सल्ला म्हणून शिकलेल्या असतात, "मनात ठेवू नकोस गं, काढून टाक सगळं" हे तर घरोघरी ऐकायला मिळतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की राग बाहेर काढला म्हणून कमी होत नाही. तो कमी होतो शरीर शांत झाल्यावर, आणि पुन्हा पुन्हा यायचा थांबतो ते त्याचं कारण नंतर नीट बोलून सोडवल्यावर. आधी शरीर, मग विषय. हा क्रम उलटा झाला की काय काय होतं ते बघूया.

आपटा, फोडा, ओरडा, मोकळे व्हा

ही सगळ्यात मोठी चूक. माणूस म्हणजे प्रेशर कुकर, शिट्टी झाली नाही तर झाकण उडणार, अशी आपली पक्की समजूत असते, म्हणून कुणी उशी बडवतं, कुणी दार आपटतं, कुणी गाडीच्या काचा वर करून बेंबीच्या देठापासून ओरडतं, आणि आता तर पैसे देऊन बाटल्या आणि जुने टीव्ही फोडायला रेज रूम पण निघाल्यात. करताना बरं वाटतं हे खरंय. पण बरं वाटणं वेगळं आणि राग उतरणं वेगळं.

यावर ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाचा 2002 सालचा प्रयोग फार बोलका आहे. 600 कॉलेज विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम चिडवलं, त्यांनी लिहिलेल्या निबंधावर अगदी जिव्हारी लागेल अशी टीका केली. मग काहींना टीका करणाऱ्याला डोळ्यांसमोर आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितले, काहींना व्यायाम म्हणून मारायला सांगितले, आणि काहींना नुसतं दोन मिनिटं शांत बसवलं. ज्याने राग आणला त्याचा विचार करत ठोसे मारणारे सगळ्यात जास्त चिडलेले निघाले, आणि नंतर संधी मिळाल्यावर त्याला त्रास देण्यातही तेच पुढे होते. काहीच न करता बसलेले सगळ्यात कमी आक्रमक होते.

पुढे 2024 मध्ये बुशमन आणि सोफी क्यारविक यांनी असे 154 अभ्यास, म्हणजे दहा हजारांवर माणसं, एकत्र करून तपासले. ज्या गोष्टींनी शरीर शांत होतं, म्हणजे श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणं, थोडा वेळ बाजूला होणं, त्यांनी राग कमी झाला. ज्यांनी शरीर तापतं त्यांनी एकूणात काही फरक पडला नाही, धावण्याने तर राग थोडा वाढतानाच दिसला. बॉल घेऊन खेळायच्या खेळांनी मात्र कमी झाला, कदाचित चार जणांसोबत मजा येते म्हणून असेल. रोजचा व्यायाम सोडा असं मी अजिबात म्हणत नाहीये हां, तब्येतीला, झोपेला, एकूण टेन्शनला तो हवाच. फक्त डोकं भडकलेलं असताना "जिममध्ये जाऊन काढतो" हा त्या वेळचा उपाय नाही.

यात हृदयाचाही विषय आहे. रागाचा मोठा उद्रेक झाल्यानंतरच्या दोन तासांत हार्ट अटॅकची शक्यता एरवीपेक्षा साधारण पाचपट वाढते असं 2014 च्या एका आढाव्यात दिसलं. एकट्यादुकट्या वेळी हा धोका तसा लहानच असतो, पण ज्यांना आधीच बीपी, शुगर आहे, सिगरेट आहे आणि दिवसातून चार वेळा घर डोक्यावर घ्यायची सवय आहे, त्यांच्या घरच्यांनी हे वाचून दाखवावं.

श्वास घेताय, पण उलट्या पद्धतीने

"खोल श्वास घे" म्हटल्यावर आपण छाती फुगवून जोरात हवा ओढतो आणि सोडून देतो पटकन. किंवा रागात असताना कपालभाती, भस्त्रिका सुरू करतो कारण टीव्हीवर पाहिलेलं असतं. हे प्रकार जलद आहेत, अंगात तरतरी आणणारे आहेत, सकाळी करायला ठीक, पण छाती आधीच धडधडत असताना आणखी वेग कशाला? बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल किंवा गर्भारपण असेल तर ते करू नका असं योगशिक्षक स्वतःच सांगतात.

रागात महत्त्वाचा असतो तो बाहेर जाणारा श्वास. नाकाने चार आकड्यांपर्यंत आत, सहा ते आठ आकड्यांपर्यंत हळू बाहेर, बस. भ्रामरी येत असेल तर उत्तम, त्या गुणगुणण्यात श्वास आपोआप लांबतो. दुसरा एक प्रकार असा की नाकाने श्वास घ्यायचा, त्यावरच आणखी एक छोटा घोट घ्यायचा आणि मग तोंडाने लांब सोडायचा. स्टॅनफर्डच्या 2023 च्या अभ्यासात लोकांनी हा प्रकार रोज पाच मिनिटं महिनाभर केला तर त्यांचा मूड ध्यान करणाऱ्यांपेक्षाही जास्त सुधारला.

हे करूनही जमत नाहीये? मग दोन गोष्टी तपासा. एक, तुम्ही एकदोन श्वासांत सोडून देताय का, निदान तीनचार मिनिटं लागतात. दोन, श्वास चालू आणि डोक्यात "तो असं कसं बोलला" पण चालू असं होतंय का, तसं असेल तर आकडे मनात न मोजता हलक्या आवाजात मोजा. चक्कर आल्यासारखं झालं तर जोर कमी करा. आणि विरार लोकलच्या गर्दीत श्वास मोजायला पण जागा नसते, मान्य, तिथे मुठी पाच सेकंद घट्ट आवळा आणि सोडा, मग खांदे वर उचला आणि सोडा, मग जबडा. कुणाला कळतही नाही.

गिळून टाकणं

राग बाहेर काढायचा नाही म्हणजे गिळायचा असा अर्थ कृपया काढू नका, कारण ही चूक आपल्याकडच्या बायकांना लहानपणापासून शिकवली जाते आणि तिचं कौतुकही होतं. "आमची सून कध्धी चिडत नाही हो." जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन या मानसशास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकात प्रयोग केले होते, लोकांना फिल्म दाखवायच्या आणि चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका म्हणून सांगायचं. चेहरे शांत राहिले, शरीर मात्र आतून जास्त ताणाखाली गेलं. म्हणजे समोरच्याला त्रास झाला नाही एवढंच, तुम्हाला झालाच.

गिळणं आणि पुढे ढकलणं यात फरक आहे तो फक्त एका गोष्टीचा, की नंतर बोलायचं ठरलंय का. आत्ता गप्प बसले पण उद्या सकाळी बोलणार आहे, हे पुढे ढकलणं. जाऊ दे, काय बोलायचं, ही गिळण्याची सुरुवात. बोलताना एकच प्रसंग घ्या आणि एकच मागणी करा. "आई, काल पाहुण्यांसमोर तुम्ही भाजीवरून बोललात ते मला लागलं. पुढच्या वेळी काही वाटलं तर मला एकटीला सांगा." यात "तुम्ही नेहमीच" नाही, लग्नातला मानपान नाही, माहेरचा विषय नाही. ज्याला दहा वर्षांचा हिशोब एकदम काढायची सवय आहे त्याला हे अवघड जातं, पण दहा तक्रारी एकदम केल्या की समोरचा त्यातली सगळ्यात कमकुवत धरून बसतो आणि मूळ मुद्दा राहतो बाजूलाच.

अबोला

उठून बाजूला जाणं चांगलं, पण न सांगता जाणं वाईट, आणि गेल्यावर चार दिवस न बोलणं तर फारच वाईट. नवरा-बायकोच्या भांडणांचा अनेक वर्षं अभ्यास करणारे जॉन गॉटमन सांगतात की भांडणात हृदयाचे ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की माणसाला समोरच्याचं ऐकूच येईनासं होतं, म्हणजे कानावर पडतं पण डोक्यात शिरत नाही, आणि शरीर खाली यायला निदान वीस मिनिटं तरी लागतात. म्हणून पाच मिनिटांनी "झालास का शांत, बोल आता" म्हणून मागे लागू नका.

ब्रेक घेताना तोंडाने सांगा. "मी आत्ता बोललो तर वाईट बोलेन, मी खाली चक्कर मारून येतो, अर्ध्या तासाने बोलू." आणि अर्ध्या तासाने खरंच बोला, नाहीतर पुढच्या वेळी कुणी तुम्हाला जाऊच देणार नाही, दारात आडवं उभं राहील. खाली चकरा मारताना मनात पुढची वाक्यं जुळवत बसलात तर ब्रेकचा काही उपयोग नाही, ठोके चढेच राहतात. भाजी आणा, झाडांना पाणी घाला, कुठल्यातरी वेगळ्याच गोष्टीत डोकं घाला.

अबोला धरणाऱ्याला वाटतं मी तर शांत आहे, मी कुठे भांडतोय. घरातल्या मुलांना विचारा. "बाबांना सांग जेवायला वाढलंय" असे निरोप पोचवणारी दहा वर्षांची मुलगी त्या शांततेत काय सोसत असते ते फार वाईट असतं. त्यापेक्षा तिच्यादेखत भांडण झालं आणि मिटताना पण तिने पाहिलं तर ते कितीतरी बरं.

मैत्रिणीला फोन, मग बहिणीला, मग परत मैत्रिणीला

मन मोकळं करणं हवंच. पण तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगताना तुमचा आवाज चढतोय का ते बघा. चढत असेल तर तुम्ही मोकळ्या होत नाही आहात, तापवताय. आणि "बरोबर आहे तुझं, मी असते तर चांगलंच सुनावलं असतं" म्हणणारी मैत्रीण प्रेमाने बोलते पण मदत करत नाही. फोन लावल्यावर आधीच सांगा, दहा मिनिटं फक्त ऐक, आणि मग मला विचार की आता तू काय करणार आहेस.

रात्री अकराचा मेसेज

रागात लिहायचंच असेल तर वहीत लिहा. सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या मेलवर, भावाला व्हॉइस नोट, काही पाठवू नका. सकाळी वाचा, तरी तेच पाठवावंसं वाटलं तर पाठवा. स्क्रीनशॉट कायम राहतात.

दारू, सिगरेट, आणखी एक चहा

दारूने टेन्शन उतरतं असं वाटतं कारण थोडा वेळ सगळंच बधिर होतं. पण पिल्यावर माणसाला समोरचं तेवढंच दिसतं, परिणामांचा विचार सुटतो, म्हणून नेमकी रागाच्या दिवशी घेतलेली दारूच घरात आग लावते, आणि झोपही मोडते. सिगरेटने जे शांत वाटतं त्यातलं बरंचसं म्हणजे निकोटिनची तलफ भागल्याचं समाधान, जी तलफ सिगरेटनेच लावलेली असते. संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री अकरापर्यंत अंगात असू शकतं, ज्यांना झोप लागत नाही त्यांनी हे करून बघा, चारनंतर चहा बंद.

रागाचं मूळ भलतीकडेच शोधणं

सगळं करूनही रोज चिडचिड होतेय? मग आधी झोप मोजा. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एक अभ्यास झाला होता, लोकांची झोप दोन रात्री काही तासांनी कमी केली आणि मग त्रासदायक आवाज ऐकवला. झोप कमी झालेले जास्त चिडले, आणि एरवी माणूस त्रासाला सरावतो तसे ते सरावलेही नाहीत. पहाटे पाचला उठून डबे, मग दीड तास प्रवास, रात्री बारापर्यंत मोबाईल, अशा माणसाला संयम शिकवून काय उपयोग, त्याला आधी झोपू द्या.

भूक, अंगदुखी, पाळीच्या आधीचे दिवस, मेनोपॉजच्या आसपासचा काळ, थायरॉइड वाढलेलं असणं, शुगर खाली जाणं, यानेही चिडचिड होते. आणि डिप्रेशन म्हणजे रडणंच असं नसतं, पुरुषांमध्ये पुष्कळदा ते चिडखोरपणाच्या रूपात दिसतं, त्याला घरचे "हल्ली फार तिरसट झालाय" म्हणतात आणि विषय संपवतात. दोनतीन आठवडे स्वभाव बदललेला दिसला, झोप-भूक बिघडली, आवडीच्या गोष्टी सुटल्या तर डॉक्टरकडे जा. जाताना आठवडाभराची नोंद न्या: कधी चिडलो, त्या आधी जेवण आणि झोप किती झाली होती, कुणावर निघाला.

ती शेवटची नोंद, कुणावर निघाला, प्रामाणिकपणे करा. साहेबांसमोर शांत, आणि घरी मुलांवर, बायकोवर, कामाला येणाऱ्या ताईंवर हात किंवा तोंड सुटतं असं दिसलं तर राग आवरता येत नाही हे खरं नाही, जिथे आवरायचा तिथे आवरतोय. "माझा स्वभावच तसा आहे" हे तिथे चालणार नाही. आणि मार खाणाऱ्या बाईला "तू त्याला राग येईल असं वागू नकोस" असं कुणीही सांगू नका, प्लीज. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तिच्यासाठी आहे, त्यात शिवीगाळ, मानसिक छळ आणि पैशांची अडवणूकही येते. महिला हेल्पलाइन 181, तातडीला 112.

राग स्वतःलाच घाबरवायला लागला असेल, किंवा स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर टेली मानस या सरकारी सेवेचा नंबर 14416 आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. लाइन लागली की आधी आजार सांगावा लागतो असं काही नाही, "मला फार राग येतो आणि त्याची भीती वाटते" एवढ्यावर ते पुढचं विचारतात.