केमो चालू असताना हिमोग्लोबिन चढत नाही? या चुका टाळा

केमो सुरू होऊन हिमोग्लोबिन ९ वर आलं की इंदूरच्या मराठी घरांत धावपळ सुरू होते. बीट-डाळिंबाचा रस, अळिवाचे लाडू, मेडिकलमधून आणलेल्या लोहाच्या गोळ्या. यामागची माया खरी आहे, पण कॅन्सरमधली रक्तक्षयाची कारणं बरेचदा ताटात नसतातच. शिवाय बीट आणि डाळिंबात लोह अगदी थोडं असतं, रंगावर जाऊ नका.

या आजारात अंगात सतत दाह, म्हणजे आतल्या आत सूज (इन्फ्लमेशन) असते. त्यामुळे यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त बनवतं, आणि ते आतड्यातून लोह रक्तात येऊ देत नाही. साठ्यातलं लोहही अडकून पडतं, धान्य कोठारात आणि कोठाराला कुलूप, तसं. म्हणूनच तपासणीत नुसतं फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारा आकडा, भरपूर दिसलं म्हणून ‘लोह पुरेसं आहे’ असं समजणं चूक. दाहात फेरिटिन एरवीही वाढतं. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावर किती लोह चढलंय, ते बघितलंय का, हे डॉक्टरांना विचारा. घर शाकाहारी असेल तर बी-१२ सुद्धा.

आता आतड्यातले जीवाणू. तंतुमय अन्नापासून ते ब्यूटिरेटसारखी आम्लं बनवतात. त्यांनी आतड्याचं अस्तर टिकतं आणि दाह आटोक्यात राहतो. उंदरांना बरेच दिवस अँटिबायोटिक देऊन हे जीवाणू मारले, तेव्हा त्यांच्या अस्थिमज्जेतलं रक्तपेशींचं उत्पादनही घटलं. म्हणून जुलाब लागले, घसा धरला की घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी देऊन टाकणं मला सगळ्यांत घातक वाटतं. मात्र केमोत ताप १००.४ फॅरनहाइटला गेला तर लगेच हॉस्पिटल गाठा. तिथे दिलेलं अँटिबायोटिक जीव वाचवतं, ते जीवाणूंच्या काळजीने टाळायचं नाही.

दुसरी चूक, गोळी दुप्पट करणं. तोंडाने घेतलेल्या लोहाचा थोडाच भाग शोषला जातो, उरलेलं मोठ्या आतड्यात जातं आणि ई. कोलायसारख्या त्रासदायक जीवाणूंचं फावतं, लॅक्टोबॅसिलससारखे उपयोगी जीवाणू मागे पडतात. आफ्रिकेत लहान मुलांना लोह दिलं तेव्हा हेच दिसलं होतं. डोस घेतल्यावर हेप्सिडिनही चढतं, म्हणून काही डॉक्टर एक दिवसाआड गोळी देतात. गोळीने भागत नसेल तर शिरेतून लोह देता येतं, ते आतड्याला वळसा घालून जातं.

आणि आपले पोहे-चहा! पोह्यांवर पिळलेलं लिंबू लोहाला मदतच करतं, चहा मात्र ते अडवतो. गोळी आणि चहा यांत दोन तासांचं अंतर ठेवा. अ‍ॅसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर तेही सांगा, कारण लोह शोषायला पोटातलं आम्ल लागतं.

प्रोबायोटिकच्या कॅप्सूल स्वतःहून सुरू करू नका. पांढऱ्या पेशी खूप खाली असताना तेच ‘चांगले’ जीवाणू क्वचित रक्तात शिरून संसर्ग करतात. रक्त वाढवायला त्या अजून मान्य उपचार नाहीत. पांढऱ्या पेशी कमी असतात त्या दिवसांत सराफ्यातलं, म्हणजे इंदूरच्या खाऊबाजारातलं खाणं आणि कच्ची कोशिंबीर बंदच. शिजवलेली मुगाची डाळ, सोललेला दुधी, ज्वारीची मऊ भाकरी सोसत असेल तर द्या. दह्याचं डॉक्टरांना विचारून.

लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. पण डांबरासारखं चिकट, उग्र वासाचं झालं तर आतून रक्त जात असू शकतं. ते गोळीच्या नावावर खपवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.