चर्चच्या प्राथमिक शाळेत मूल किती शिकले, हे कसे पाहावे

डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकाची पदविका पूर्ण करून गोव्यातील चर्चच्या किंवा सिस्टरांच्या प्राथमिक शाळेत रुजू होणाऱ्या नव्या शिक्षकांपैकी काही जण माझ्यासारखेच डिचोली, पेडणे, फोंडा या भागांतील मराठी घरांतून आलेले असतात. सकाळची प्रार्थना, सिस्टरांची शिस्त, शाळेचा कारभार पाहणारे फादर, तीन डिसेंबरच्या सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या, फेस्ताची (उत्सवाची) तयारी या गोष्टी थोड्याच दिवसांत अंगवळणी पडतात. कठीण जाते ते निराळेच, आणि ते म्हणजे समोर बसलेल्या मुलाला नेमके काय येते आणि काय येत नाही हे ओळखणे. सासष्टी आणि बार्देश तालुक्यांतील अशा शाळांत शिकवताना जे हाती लागले, ते नव्याने येणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहे.

आधी भाषेची पार्श्वभूमी ध्यानात घ्यायला हवी. १९९० मध्ये प्राथमिक शाळांच्या अनुदानासाठी प्रादेशिक भाषेची अट आली, तेव्हा आर्चडायोसीसच्या, म्हणजे गोव्याच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीतील, शाळा कोंकणी माध्यमाकडे वळल्या आणि २०११ मध्ये धोरण बदलल्यावर त्यांतील बहुसंख्य शाळा इंग्रजीकडे गेल्या. त्या वादात कोणाची बाजू खरी, हा या लेखाचा विषय नाही. वर्गात दिसणारा परिणाम मात्र असा आहे की पहिलीतले मूल घरी कोंकणी बोलते, पुस्तकात इंग्रजी वाचते, विषय म्हणून कोंकणी देवनागरीत शिकते आणि ख्रिस्ती घरातले असेल तर चर्चमधील कोंकणी गीते त्याला रोमी (रोमन) लिपीत दिसतात. त्याच बाकावर कर्नाटकातून कामासाठी आलेल्या कुटुंबातील मूल असते, ज्याच्या कानावर घरी कन्नड किंवा लमाणी पडते आणि ज्याच्यासाठी कोंकणीसुद्धा नवी भाषा असते. त्यामुळे या शाळांत घटक चाचणीचे गुण पाहून ‘गणित कच्चे’ असा शेरा मारणे फार सोपे आहे, आणि तो शेरा पुष्कळदा चुकीचा असतो.

तिसरीतील एका मुलीचे उदाहरण देतो. एकाकडे २४ आंबे आहेत, दुसऱ्याकडे १७ आहेत, तर पहिल्याकडे किती अधिक, असा प्रश्न इंग्रजीत होता. तिने उत्तर लिहिले ४१. ‘अधिक’ या अर्थाचा इंग्रजी शब्द तिने बेरजेच्या पाठात ऐकला होता, म्हणून तिने सरळ बेरीज केली होती. तोच प्रश्न तिला कोंकणीत विचारला, ‘कितले चड?’, तेव्हा बोटांवर मोजत तिने ७ असे उत्तर दिले. तिला वजाबाकी येत होती; प्रश्नाची भाषा येत नव्हती. त्याच वर्गातील एका मुलाने ५२ मधून ३८ वजा करून २६ उत्तर लिहिले होते. तेथे भाषेचा संबंधच नव्हता. प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, असा नियम त्याने स्वतःच बसवून घेतला होता: आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. चाचणीत दोघांनाही शून्यच गुण, पण दोघांचे उपाय अगदी वेगळे. मुलीला प्रश्न आधी घरच्या भाषेत आणि मग इंग्रजीत ऐकवायचा, तसेच ‘किती अधिक’, ‘किती उरले’, ‘मिळून किती’ अशा प्रयोगांचा स्वतंत्र सराव द्यायचा. मुलाच्या हाती माडाच्या हिरांच्या दहा-दहाच्या जुड्या द्यायच्या आणि दोन हिरांतून आठ काढता येत नाहीत म्हणून जुडी सोडायला लावायची. जुडी स्वतःच्या हाताने सोडल्यावर हातच्याचा अर्थ ज्या वेगाने उमगतो, तो फळ्यावरच्या खुणांनी उमगत नाही, असा माझा ठाम अनुभव आहे.

म्हणून प्रत्येक मुलासाठी एक पान ठेवावे आणि त्यावर गुणांऐवजी त्याने केलेली चूक जशीच्या तशी उतरवून घ्यावी. शेजारी दोन रकाने पुरेत: अडचण भाषेची आहे की संकल्पनेची. वर्गात तीस मुले असली तरी प्रार्थनेनंतरच्या आणि मधल्या सुट्टीआधीच्या थोड्या वेळात रोज दोघा-तिघांना जवळ बसवून ऐकले, तर दोनेक आठवड्यांत सारा वर्ग ऐकून होतो.

वाचनाबाबत अधिक जागरूक राहावे लागते. या शाळांतील मुलांचे पाठांतर उत्तम असते, कारण प्रार्थना आणि गीते ती कानांनी शिकलेली असतात. पाठ्यपुस्तकातील धडाही ती तसाच पाठ करतात आणि बोट एका ओळीवर असताना तोंडाने पुढची ओळ म्हणतात. त्यामुळे वाचन तपासताना मुलांनी कधीही न पाहिलेला चार-पाच ओळींचा उतारा घ्यावा आणि त्यावर दोन साधे प्रश्न विचारावेत, ज्यांची उत्तरे मुलाला हव्या त्या भाषेत देता यावीत. २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाने तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत, असे लक्ष्य ठेवले आहे. अंदाजासाठी ते उपयोगी आहे, पण घरात इंग्रजी न ऐकणाऱ्या पहिली-दुसरीच्या मुलापुढे घड्याळ लावून बसू नये, असे माझे मत आहे. वेग वाढवण्याच्या घाईत मुले अर्थ सोडून देतात, आणि एकदा लागलेली ती सवय मोडायला फार कष्ट पडतात.

पानांवरील नोंदी पाहून आठवड्यातून तीन-चार तासिकांपुरते इयत्तेऐवजी पातळीनुसार गट पाडता येतात. गट कायमचे ठेवू नयेत आणि त्यांना हुशार-ढ असा वास येईल अशी नावे तर मुळीच देऊ नयेत. सहा-सात आठवड्यांनी त्याच प्रकारचा, पण नवा उतारा आणि नवी उदाहरणे देऊन पुन्हा पाहावे. मोजण्याची रीत मध्येच बदलली, तर सुधारणा झाली की प्रश्नच सोपे होते, हे सांगता येत नाही.

पालकांचा विषय निघाला की शिक्षक-पालक सभेचा उल्लेख होतो, पण भरल्या सभागृहात गरीब पालक तोंड उघडत नाहीत. अनेक ख्रिस्ती घरांत वडील आखातात किंवा तारवटी म्हणून बोटीवर असतात आणि मुलांचा अभ्यास आजीकडे असतो. आजीला कोंकणी वाचता येते, पण रोमी लिपीत. देवनागरीतला सूचनेचा कागद तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. तिला दोन ओळी रोमीत लिहून पाठवाव्यात, किंवा रविवारच्या मिसेनंतर (चर्चमधील प्रार्थनेनंतर) गाठून बोलावे. कर्नाटकातील कुटुंबे मे महिन्यात गावी जातात आणि काही मुले शाळा सुरू होऊन बरेच दिवस लोटल्यावर परततात. त्यांची गैरहजेरी निष्काळजीपणा समजू नये. त्यांच्या पालकांना संध्याकाळी कामावरून परतल्यावर भेटावे आणि बुडालेल्या भागासाठी जूनमध्येच वेगळा वेळ राखून ठेवावा. दुर्बल मुलाकडे आधी लक्ष देणे, हे या शाळांचे घोषित ध्येय आहे. ते पाळले जाते की नाही, हे पाहण्यासाठी वर्षअखेरीस पहिल्या क्रमांकाचे गुण न मोजता, जूनमध्ये जी मुले सर्वांत मागे होती त्यांची तेव्हाची आणि आताची पाने शेजारी ठेवावीत, अशी विनंती मी प्रत्येक मुख्याध्यापिकेला करत आलो आहे.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट सांगायला हवी. सिस्टरांच्या आणि फादरांच्या बदल्या होतात, आणि जाणाऱ्या व्यक्तीबरोबर मुलांविषयीची माहितीही जाते. मुलांची पाने म्हणूनच शाळेच्या कपाटात, इयत्तेनुसार फाइलमध्ये असावीत. गोव्यात प्राथमिक शाळा चौथीला संपते आणि पाचवीसाठी मूल हायस्कुलात जाते, म्हणून चौथीच्या निकालाच्या वेळी गुणपत्रिकेसोबत हे पानही पाचवीच्या वर्गशिक्षकाकडे सुपूर्द करावे, आणि शक्य झाल्यास एकदा समोर बसून ते वाचून दाखवावे.