स्क्रीन रीडरच्या साहाय्याने डेबियन लिनक्स इन्स्टॉल कसे करावे

एखाद्या अंध व्यक्तीने संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स घेण्याचा विचार बोलून दाखवला, की "कुणा डोळस माणसाकडून टाकून घ्या" हा सल्ला ठरलेला असतो. या सल्ल्याची आता गरज उरलेली नाही. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराचा इन्स्टॉलर (ते संगणकावर बसवणारा प्रोग्रॅम) स्वतः बोलतो आणि डिस्कची विभागणी, पासवर्ड, इंटरनेटची जोडणी, डेस्कटॉपची निवड ही सर्व कामे कान आणि कीबोर्ड यांच्या आधारे पुरी करता येतात. मुका असतो तो त्याच्या आधीचा छोटा टप्पा, म्हणजे संगणक पेनड्राइव्हवरून सुरू करणे. म्हणून तयारीचा मुख्य भर त्याच टप्प्यावर द्यावा. उबुंटू या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराच्या चाचणी-सत्रातही ऑल्ट, सुपर (विंडोजची कळ) आणि एस एकत्र दाबून ओर्का हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) सुरू करता येतो. तरीही पहिल्या वेळी मी डेबियनच सुचवतो, कारण त्यात एका वेळी एकच प्रश्न ऐकू येतो आणि खिडक्या-बटणांमध्ये वाट चुकण्याचा प्रसंग येत नाही.

पुढील पद्धतीत डिस्कवरचे सर्व काही पुसले जाते. त्यामुळे घरात एखादा जुना लॅपटॉप असल्यास त्यावर सुरुवात करणे उत्तम, आणि तो नसल्यास आधी सर्व फायलींची प्रत बाहेर काढून ठेवणे अत्यावश्यक आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, आणि डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज गेली तर काम अर्धवट राहून सगळे पुन्हा करावे लागते. तेव्हा लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून घ्यावी आणि डेस्कटॉप असल्यास यूपीएसशिवाय काम सुरू करू नये. नवी पेठेतील कोणत्याही दुकानात मिळणारा साधा पेनड्राइव्ह या कामाला पुरतो. डेबियनच्या संकेतस्थळावरील 'नेटइन्स्ट' फाइल एक जीबीपेक्षा लहान आहे. बाकीचे घटक इन्स्टॉल होताना इंटरनेटवरून घेतले जातात. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून वाय-फाय कार्डांना चालण्यासाठी लागणारे फर्मवेअर (त्यांचे अंतर्गत सॉफ्टवेअर) या अधिकृत फाइलमध्येच दिले जाते, म्हणून त्याहून जुनी आवृत्ती घेऊ नये.

फाइल पेनड्राइव्हवर उतरवण्यासाठी विंडोजवर रूफस हा छोटा प्रोग्रॅम वापरावा. विंडोजवरचा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर त्याची बटणे आणि याद्या व्यवस्थित वाचतो. 'आयएसओ' की 'डीडी' अशी विचारणा झाल्यास 'डीडी' निवडावे. पेनड्राइव्हवरचा जुना मजकूर यात नष्ट होतो.

आता तो मुका टप्पा. संगणक सुरू होताच बूट मेनूची (संगणक कशावरून सुरू करायचा हे निवडण्याच्या यादीची) कळ थांबून थांबून दाबत राहावे. ही कळ डेल, लेनोवो आणि एसर यांच्या बहुतेक लॅपटॉपवर एफ१२ असते, तर एचपीवर एफ९. काही लॅपटॉपवर तिच्यासोबत एफएन दाबावी लागते. मेनू उघडल्यावर पेनड्राइव्हची नोंद कितव्या ओळीवर आहे हे ऐकू येत नाही, म्हणून मोबाइलवरील सीइंग एआय किंवा लुकआउट या ॲपने पडद्यावरचा मजकूर वाचून घ्यावा, अथवा बी माय आइज या ॲपवरून एखाद्या स्वयंसेवकाला व्हिडिओद्वारे पडदा दाखवावा. ओळींचा क्रम एकदा कळला, की तो लिहून ठेवावा. त्याच संगणकावर पुन्हा हे काम करताना कुणाला विचारावे लागत नाही. सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी संगणकातील सुरक्षा-सोय) बंद करण्याच्या खटाटोपात पडू नये. २०१९ च्या डेबियन १० पासून ते चालू असतानाही डेबियन इन्स्टॉल होते.

पेनड्राइव्हवरून सुरुवात झाल्याची खूण म्हणजे बीप. संगणक सुरू करण्याची नवी पद्धत, म्हणजे यूईएफआय, असलेल्या संगणकावर दोन बीप वाजतात आणि जुन्या बायॉस पद्धतीच्या संगणकावर एक. बीप ऐकू येताच एस दाबून एन्टर दाबावे. काही लॅपटॉपमधून बीप उमटतच नाही. तेव्हा कशालाही हात न लावता अर्धा मिनिट थांबावे, म्हणजे बोलणारा इन्स्टॉलर आपोआप सुरू होतो. संगणकाला एकाहून अधिक साउंड कार्ड असतील, तर प्रत्येकातून आळीपाळीने आवाज काढला जातो आणि आपल्याला हव्या त्या ठिकाणाहून तो ऐकू येताच एन्टर दाबायचे असते. एचडीएमआयची केबल जोडलेली असल्यास आवाज टीव्हीकडे जाण्याचा संभव असतो, म्हणून ती आधीच काढून ठेवणे इष्ट.

इथून पुढे बोलणारा आवाज ईस्पीक एनजीचा असतो आणि पडद्याचे वाचन स्पीकअप करतो. नमपॅडवरील ८ दाबल्यास चालू ओळ, ७ दाबल्यास मागची आणि ९ दाबल्यास पुढची ओळ वाचली जाते. ४, ५ आणि ६ या कळा शब्दांसाठी आहेत. नमपॅड नसलेल्या लॅपटॉपवर कॅप्सलॉक दाबून धरून ७, ८, ९ च्या जागी अनुक्रमे यू, आय, ओ वापरावे. पर्याय क्रमांकासह वाचले जातात, तो क्रमांक टंकून एन्टर दाबायचे. प्रश्नचिन्ह टंकल्यास मदत मिळते आणि 'लेस दॅन'चे चिन्ह टंकल्यास मागच्या प्रश्नावर जाता येते. भाषा इंग्रजी, देश भारत आणि कीबोर्ड अमेरिकन इंग्रजी निवडावा. वाय-फाय जुळत नसेल, तर अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचे इंटरनेट केबलमधून संगणकाला देण्याची सोय) सुरू करावे. इन्स्टॉलर त्याला तारेच्या नेटवर्कप्रमाणे वागवतो. रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचा, पासवर्ड मात्र मुद्दाम रिकामा सोडावा, कारण त्यामुळे आपण तयार केलेल्या पहिल्या वापरकर्त्यालाच सुडोचे (गरजेपुरते सर्वाधिकार वापरण्याचे) अधिकार मिळतात आणि दोन पासवर्ड सांभाळावे लागत नाहीत.

सर्वांत जास्त सावधगिरी डिस्कच्या प्रश्नाला हवी. 'गाइडेड, संपूर्ण डिस्क वापरा' हा पर्याय घेतल्यावर डिस्कची यादी वाचली जाते आणि तिच्यात आपला पेनड्राइव्हही असू शकतो. लिनक्सने डिस्कना दिलेली एसडीए, एसडीबी ही नावे घाईत सारखीच ऐकू येतात, म्हणून नावावर विसंबू नये, आकारावर लक्ष द्यावे: पेनड्राइव्ह १६ जीबीचा आणि लॅपटॉपची डिस्क ५१२ जीबीची असेल, तर तो आकडाच दोघांतला फरक सांगतो. ती ओळ पुन्हा पुन्हा ऐकावी, शब्द तोडून ऐकावी, आणि खात्री पटल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यानंतर 'बदल डिस्कवर लिहायचे का' असा शेवटचा प्रश्न येतो. त्याचे आधीपासून ठरवलेले उत्तर 'नाही' असते, त्यामुळे नुसते एन्टर दाबल्याने काहीही पुसले जात नाही. जाणीवपूर्वक 'हो'चा क्रमांक टंकला, तरच विभागणी प्रत्यक्षात होते.

पुढे सॉफ्टवेअरची यादी येते. डेस्कटॉप (इथे अर्थ खिडक्या आणि मेनू असलेला कामाचा पडदा) म्हणून माटे निवडावा. त्याची मांडणी साधी आहे आणि जुन्या संगणकावरही तो ओर्कासोबत नीट चालतो. एन्टर दाबण्यापूर्वी कोणत्या नोंदी निवडलेल्या आहेत हे एकदा वाचून घ्यावे. हा टप्पा इंटरनेटच्या वेगावर अवलंबून असतो आणि मध्ये बराच वेळ शांतता राहू शकते. तेवढ्यावरून संगणक अडकला असे समजून तो बंद करू नये.

काम पुरे झाल्यावर पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करावा. ग्रब हा बूट मेनू बोलत नाही, परंतु काही सेकंद थांबल्यास डेबियन आपोआप सुरू होते. आवाजाच्या साहाय्याने इन्स्टॉल केलेल्या डेबियनमध्ये ओर्का आधीच चालू ठेवलेला असतो. डेस्कटॉपवर पोहोचूनही तो गप्प राहिला, तर ऑल्ट, सुपर आणि एस दाबावे. इन्सर्ट आणि स्पेस एकत्र दाबल्यावर ओर्काच्या सेटिंग उघडतात. तिथे आवाजाच्या विभागात ईस्पीक एनजी निवडून भाषा मराठी करता येते. सोलापुरात एकाच घरात मराठीसोबत कन्नड किंवा तेलुगूही बोलली जाते, आणि या दोन्ही भाषांचे आवाज ईस्पीक एनजीत आहेत. उच्चार यांत्रिक वाटतो. वेग कमी ठेवून ऐकल्यास जोडाक्षरे स्पष्ट कळतात, आणि कानाला सवय होईल तसा वेग त्याच विभागातून वाढवत न्यावा.